बालालाइका हे खरंच रशियाचं प्राचीन लोकवाद्य आहे का? आणि तीन तारांवर असं काय वाजतं?

लोकवाद्य आहेच. पण मैफिलीत दिसते ती गुळगुळीत, त्रिकोणी बालालाइका १८८० च्या दशकात घडली. खेड्यातली तिच्याहून कितीतरी जुनी.

तिचा सर्वांत जुना ज्ञात लेखी उल्लेख १६८८ चा, आणि तोही एका अटकेच्या कागदात! मॉस्कोच्या याउझा वेशीपाशी दोन शेतकरी गाडीत बसून गात आणि बालालाइका वाजवत चालले होते. पहाऱ्यावरच्या शिपायांना त्यांनी शिव्या हासडल्या आणि पकडले गेले. त्याआधी १६४८ मध्ये झार अलेक्सेई मिखाइलोविचने स्कोमोरोख, म्हणजे गावोगाव फिरणारे गाणारे-सोंगाडे, यांच्यावर बंदी आणून त्यांची वाद्यं नष्ट करायला लावली होती. दोम्रा नावाचं तंतुवाद्य त्यानंतर जवळजवळ नाहीसं झालं. बालालाइका त्याचीच वंशज, असं बरेच अभ्यासक मानतात.

खेड्यातली बालालाइका घरच्या घरी बनायची. पडदे मोजकेच, तातेचे, दांडीला बांधलेले. सतारीसारखे सरकवता येणारे. तिच्यावर नाच व्हायचे, चास्तुश्का गायल्या जायच्या. चास्तुश्का म्हणजे चार ओळींचं झणझणीत गाणं, गावातल्या कुणाचीही खिल्ली उडवणारं. पुढे गार्मोन, म्हणजे भात्याची पेटी, गावोगाव पोचली आणि बालालाइका मागे पडली.

तिला पुन्हा वर काढलं वासिली आंद्रेयेव यांनी. हे जमीनदार घरातले, व्हायोलिन वाजवणारे. १८८३ च्या सुमारास त्वेर प्रांतातल्या आपल्या वाड्यावर अंतिप नावाच्या कामगाराचं वादन त्यांनी ऐकलं आणि ते झपाटलेच. पीटर्सबर्गच्या कारागिरांकडून त्यांनी पक्के, बाराही स्वरांचे पडदे बसवून घेतले, लहानमोठे आकार करवून घेतले आणि १८८८ मध्ये आपल्या वादकांसह पहिला जाहीर कार्यक्रम केला. सर्वांत मोठी, कॉन्ट्राबास बालालाइका, तर एका कोपऱ्यावर जमिनीला टेकवून चामड्याच्या नखीने वाजवतात.

आता तीन तारा. प्रिमा या मुख्य आकारात दोन तारा एकाच स्वरात असतात, हल्ली नायलॉनच्या. तिसरी पोलादी, त्या दोन तारांचा स्वर षड्ज धरला तर मध्यमात लावलेली. मी सतार शिकलोय, म्हणून फरक चटकन जाणवला. सतारीला तर्जनीत मिजराब घालतो, इथे बोट उघडंच. मनगट सैल सोडून तर्जनी तिन्ही तारांवरून खाली-वर फिरवायची: खाली जाताना नख लागतं, वर येताना बोटाचं मांस. त्या आघाताला ब्र्यात्सानिये म्हणतात. सतारीत डावा अंगठा दांडीमागे राहतो. इथे तो वरून येऊन तारा दाबतो. म्हणून तीनच तारांवर सुरावट आणि तिची साथ एकाच हाताखाली निघते, आणि वेग वाढला की आघात सुटे ऐकूच येत नाहीत, सलग स्वर लांबत जातो.

खेड्यातली तेवढी अस्सल आणि आंद्रेयेवांची बनावट, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. त्यांनी ती सुधारली नसती तर वासिलेंको यांच्यासारख्या संगीतकाराने तिच्यासाठी वाद्यवृंदासह कॉन्चेर्तो, म्हणजे एका वाद्याला पुढे ठेवून केलेली मोठी रचना, लिहिलाच नसता. हो, एक मात्र खरं: पक्के पडदे आले तसा गावागावाचा वेगळा सूर थोडा हरवला. म्हणून आधी चास्तुश्कांमागची साथ ऐका, मग अलेक्सेई आर्खिपोव्स्की यांचं एकल वादन. तारा तेवढ्याच तीन आहेत, हे लक्षात ठेवून ऐका.