माझ्या थिंकपॅड एक्स२३० लॅपटॉपवर फक्त लिनक्स मिंट आहे. रॅम ४ ची १६ जीबी करायची आहे आणि बायोसही (मशीन सुरू करणारा, चिपवरचा मूळ प्रोग्राम) अपडेट करायचा आहे. आधी काय करू?

आधी बायोस, मग रॅम. म्हणजे बायोस करायचाच असेल तर. दोन्ही एका बैठकीत उरकू नका, कारण मशीन उठलंच नाही तर खोट कशात आहे ते शोधताना नाकी नऊ येतात. आत्ताची ४ जीबीची पट्टी इतकी वर्षं चाललेली, खात्रीची आहे. फ्लॅश होताना, म्हणजे चिपवर नवा बायोस लिहिला जाताना, बायोसची फाइल आधी रॅममध्येच येते, त्या वेळी तिथे अनोळखी पट्टी नको.

पण बायोस हवाय कशाला? रॅमसाठी असेल तर गरज नाही. हे मॉडेल २०१२ चं आहे आणि ८-८ च्या दोन पट्ट्या ते पहिल्यापासून घेतं. स्पेक्टर, मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या सुरक्षेच्या त्रुटींची धास्ती असेल तर प्रोसेसरचा मायक्रोकोड (त्याच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) लिनक्स बूट होतानाच चढवतं. इंटेल-मायक्रोकोड हे पॅकेज आहे ना, तेवढं बघा. दुसरं वायफाय कार्ड टाकल्यावर येणारा १८०२ एरर तर अपडेटनेही जात नाही, ती लेनोवोची मंजूर कार्डांची यादी आडवी येते. तुमची तक्रार नव्या बायोसच्या बदलांच्या यादीत सापडली, तरच या भानगडीत पडा.

पडणार असाल तर रस्ता असा. नव्या लॅपटॉपना लिनक्समधल्या एफडब्ल्यूअपडी (fwupd) या व्यवस्थेतून फर्मवेअर, म्हणजे बायोससारखा चिपवरचा प्रोग्राम, आपोआप मिळतं, पण लेनोवो त्या व्यवस्थेत आली २०१८ मध्ये, एक्स२३० त्यात नाही. त्यामुळे लेनोवोच्या साइटवरून बूटेबल सीडीची आयएसओ (अख्ख्या सीडीची एक फाइल) घ्या. ती तशीच पेनड्राइव्हवर उतरवली तर बूट होत नाही. गेटएल्टोरिटो (geteltorito) नावाच्या छोट्या स्क्रिप्टने आतली बूट इमेज वेगळी काढावी लागते (मिंटमध्ये ती जेनआयएसओइमेज (genisoimage) या पॅकेजबरोबर येते), आणि मग ती डीडी (dd) या कमांडने पेनड्राइव्हवर लिहायची. डीडीला डिस्कचं नाव देण्याआधी डिस्कांची यादी दाखवणारी एलएसबीएलके (lsblk) चालवून दोनदा बघा. डीडी काही विचारत बसत नाही, सांगाल त्या डिस्कवर लिहून टाकते. मग एफ१२ दाबून पेनड्राइव्हवरून बूट करा.

खरी अडचण येते बॅटरीची. चार्जर लावलेला असला तरी चार्ज झालेली बॅटरी नसेल तर हा अपडेटर पुढे सरकत नाही, आणि इतक्या जुन्या मशीनची बॅटरी बहुधा मेलेली असते. ही अट चुकवायच्या युक्त्या सापडतील, करू नका. ऐन फ्लॅशमध्ये वीज गेली तर पुढे चिपला क्लिप लावून प्रोग्रामर नावाच्या उपकरणाने बायोस लिहायची वेळ येते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही. ओळखीत कुणाकडे हेच मॉडेल असेल तर तासाभरासाठी बॅटरी मागून आणा.

आता रॅम. डीडीआर३ प्रकारची, १६०० वेगाची, लॅपटॉपची पट्टी मागा. १.५ व्होल्टची चालते, १.३५ ची 'एल'वालीही (डीडीआर३एल) चालते. डीडीआर४ ची खाचच वेगळी, ती बसणार नाही. दोन सारख्या घेतल्या तर ड्युअल चॅनलचा (दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वापरण्याचा) फायदा मिळतो; इथे ग्राफिक्सही रॅममधूनच वाटा घेतं, त्यामुळे तो जाणवतो. डीडीआर३ आता बहुतेक काढलेलीच मिळते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला घेतलीत तर बदलून मिळेल ना, हे आधी ठरवून घ्या.

चार्जर आणि बॅटरी दोन्ही काढा, खालचं झाकण उघडा. पट्टी तिरकी धरून पूर्ण आत सरकवा, सोनेरी कड जवळजवळ दिसेनाशी झाली पाहिजे, मग खाली दाबा. दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक् करून बसतात. स्क्रीन काळीच राहिली तर घाबरू नका, दहापैकी नऊ वेळा पट्टी अर्धवट बसलेली असते. काढून कड खोडरबराने हलकेच पुसा, पुन्हा लावा.

त्यानंतर मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालू ठेवा. एररची एकही लाल ओळ आली तर पट्टी परत करा, 'एकच तर एरर आहे' म्हणून ठेवू नका. हायबरनेट (रॅममधलं सगळं डिस्कवर ठेवून मशीन बंद करणं) वापरत असाल तर स्वॅपही, म्हणजे डिस्कवरची त्यासाठीची जागा, वाढवावा लागेल.

आणि आत अजून जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर बायोस राहू द्या, त्या वेळात एसएसडी बसवा. साधी सॅटा, अडीच इंची, पण ७ मिमी जाडीची, ९.५ ची त्या कप्प्यात जात नाही.