फायबर येण्याआधीच नवीन राउटर घेऊन ठेवावा का?

तुमच्याकडे सध्या टेलिफोनच्या तारेवरचं ब्रॉडबँड आहे, पुढच्या महिन्यात ३०० एमबीपीएसचं फायबर येतंय, आणि सेल संपायच्या आत राउटर घेऊन टाकावा का, घेतला तर कोणता, असं तुम्ही विचारलंय.

घेऊ नका. निदान फायबर घरात येऊन चार दिवस होईपर्यंत तरी नको. सेल काय, दर महिन्याला लागलेलाच असतो.

मी नेमकं उलटं केलं होतं. आमच्या डोंबिवलीच्या घरी फायबर येणार म्हटल्यावर उत्साहाने आठवडाभर आधीच राउटर मागवला. चार अँटेना, खोक्यावर ठळक अक्षरांत १२००. प्लॅन २०० चा. जोडणी झाली, स्पीड टेस्ट लावली, ९४. पुन्हा लावली, ९३. कंपनीला फोन करून तावातावाने भांडलो. त्यांचा मुलगा आला, त्याने स्वतःचा लॅपटॉप थेट कंपनीने बसवलेल्या फायबरच्या डबीला जोडला, २०० च्या वर गेलेला काटा मला दाखवला आणि चहाला नाही म्हणून निघून गेला.

माझ्या राउटरची मागची पोर्टं, म्हणजे वायर लावायच्या खाचा, १०० एमबीपीएसची होती. अशा पोर्टातून वरखर्च वजा जाता ९४-९५ च हाती लागतात. आकडा तिथेच अडकलेला दिसला, की वाटेत कुठेतरी १०० ची गाठ आहे असं खुशाल समजा. आणि ते १२००? २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७, वाय-फायच्या या दोन बँडच्या कागदावरच्या वेगांची बेरीज, वर गोल केलेली. नळाला जोडलेला पाइप अर्ध्या इंचाचा आणि जाहिरात टाकीच्या आकाराची, असा प्रकार.

म्हणून राउटर घ्याल तेव्हा खोक्याच्या दर्शनी बाजूकडे बघूच नका. माहितीच्या तक्त्यात वॅन (बाहेरून इंटरनेट येतं ते) आणि लॅन (घरातली यंत्रं जोडायची ती) पोर्टांपुढे १०/१००/१००० लिहिलंय का ते बघा. नुसतं १०/१०० असेल तर ३०० च्या प्लॅनला तो कामाचा नाही. टीपी-लिंकचे आर्चर सी५० आणि आर्चर सी६ (माझा यातला नव्हता) दोन्ही १२०० च्याच वर्गातले, पण सी५० ची पोर्टं १०० ची आणि सी६ ची गिगाबिट, म्हणजे १००० ची. वाय-फाय ५ की त्याच्या पुढची पिढी ६, हा वाद मी त्यानंतरचा मानतो. ३०० साठी ५ पुरतं. आजूबाजूला वीस घरांचे राउटर असतील आणि फोन नवे असतील तर ६ घ्या.

पण मुळात घेऊ नका म्हणालो त्याचं कारण वेगळंच आहे. फायबरची काचेची तार दुकानातल्या साध्या राउटरला लागतच नाही. कंपनी ओएनटी नावाची डबी देते, तिचा नंबर त्यांच्याकडे नोंदलेला असतो, आणि बहुतेक वेळा राउटर आणि वाय-फाय त्याच डबीत असतं. तुमचा आत्ताचा फोनची पिन लागणारा मोडेमही तिथे चालणार नाही. तेव्हा आधी कंपनीला विचारा: डबी ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही देणारी) आहे का, तिची पोर्टं गिगाबिट आहेत का, आणि उद्या आपला राउटर लावायचा झाला तर ती ब्रिज मोडवर (म्हणजे डबीने नुसतं इंटरनेट पुढे सोडायचं, राउटरचं काम तुमच्या राउटरने करायचं) करून पीपीपीओईचा, म्हणजे कंपनीच्या इंटरनेटला लॉगिन करायचा, युजरनेम-पासवर्ड देणार का. पहिल्या दोन्हींना हो असेल, तर बहुधा तुमचे पैसे वाचले. लँडलाइन ठेवणार असाल तर फोन त्या डबीलाच लागेल, ती काढून टाकता येणार नाही.

खरी गडबड होते ती जागेवरून. जोडणीवाले घाईत असतात, दाराशेजारच्या चपलांच्या कपाटावर डबी ठेवून मोकळे होतात. मग आतल्या खोलीत रेंज नाही म्हणून माणूस महागडा राउटर घेतो. हट्ट धरा आणि तार हॉलच्या मध्यापर्यंत ओढून घ्या, छातीच्या उंचीवर, टीव्हीच्या मागे नाही. फक्त कोपऱ्यात ती तार विजेच्या वायरसारखी काटकोनात दुमडू देऊ नका. आमच्या शेजाऱ्यांकडे सोफा भिंतीला सरकवताना ती दाबली गेली आणि डबीवर लाल दिवा लागला, तो दोन दिवस तसाच.

आणखी एक. आतल्या खोलीसाठी पूर्वी ओढून ठेवलेली लॅन वायर असेल तर तिची पिन उजेडात धरून बघा. जुन्या केबलवाल्यांनी आठपैकी चारच तारा जोडलेल्या असतात. त्यावर १०० च्या पुढे जाता येत नाही, राउटर कितीही भारी आणा. वायरीच्या आत आठही तारा असतील तर त्या सगळ्या जोडून पिन नव्याने मारून घ्या.

वीज जात असेल तर १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या, पण वेगळा राउटर लावलात तर डबी आणि राउटर दोन्ही त्यावर हवेत. मी पहिल्यांदा फक्त राउटर जोडला होता. लाइट गेले, वाय-फायच्या काड्या पूर्ण, इंटरनेट शून्य.

तुमच्या घराच्या भिंती विटांच्या आहेत की नव्या टॉवरसारख्या सलग काँक्रीटच्या, ते खाली लिहा. काँक्रीटच्या असतील तर एका राउटरने भागणार नाही, मग वेगळं बोलावं लागेल.