पत्ते नंतर बघ, आधी पॉट मोज

अरे,

तू पाठवलेले पोकर टूर्नामेंटचे सगळे हात, म्हणजे डाव, नीट बसून वाचले. प्रीफ्लॉप, म्हणजे टेबलावर पत्ते उघडायच्या आधीचं, छान चाललंय, त्यावर काही बोलत नाही. पण फ्लॉपनंतर, म्हणजे टेबलावरचे पहिले तीन पत्ते उघडल्यावर, बेट किती लावायची हे तू हातातल्या पत्त्यांवरून ठरवतोयस, म्हणजे सेट (हातातल्या जोडीला टेबलावर तिसरा सारखा पत्ता) लागला की पाऊण पॉट (मधे जमलेल्या चिप्स), टॉप पेअर (टेबलावरच्या सगळ्यात मोठ्या पत्त्याशी जोडी) असली की अर्धा आणि काहीच नसलं की एक तृतीयांश, दरवेळी हेच. ही सवय आत्ताच मोड. गोव्यात मांडवीवरच्या कॅसिनोत तीच माणसं दोन-तीन तास तुझ्या समोर बसलेली असतात, एक-दोन शोडाउन (शेवटी पत्ते उघडणं) बघितले की त्यांना सगळं कळतं, मग चांगल्या हाताला कोणी पैसे देत नाही आणि ब्लफला मात्र हमखास कॉल येतो, म्हणजे समोरचा तेवढेच लावून डावात राहतो.

बेटची साइज ठरते ती बोर्ड (टेबलावरचे उघडे पत्ते) कोणाला जास्त लागलाय आणि मागे स्टॅक (आपल्याकडच्या चिप्स) किती उरलाय यावरून. तुझाच हात घे. आकडे सगळे बिग ब्लाइंडमध्ये, म्हणजे पत्ते बघण्याआधी एकाला लावावीच लागते त्या बेटच्या पटीत; ती लावणाऱ्यालाही बिग ब्लाइंडच म्हणतात. ३० बिग ब्लाइंड स्टॅक, बटणवरून (फ्लॉपनंतर शेवटी बोलणारी जागा) २ चा रेज, बिग ब्लाइंडचा कॉल, अँटी आणि स्मॉल ब्लाइंड या आधीच भरलेल्या छोट्या रकमा धरून पॉट झाला साडेपाच, तुझ्याकडे उरले २८. फ्लॉपला २ लावलेस, कॉल आला, पॉट साडेनऊ. टर्नला (चौथा पत्ता) ६ लावलेस, पॉट साडेएकवीस आणि मागे २०, म्हणजे रिव्हरला (पाचवा, शेवटचा पत्ता) शॉव्ह, म्हणजे उरलेलं सगळं लावणं, जवळजवळ पॉटएवढाच होतो, एकदम सहज. तू सेट असताना काय केलंस, घाबरून टर्नलाही ३ च लावलेस, रिव्हरला पॉट साडेपंधरा आणि मागे २३, मग तिथे ५ लावून गप्प बसलास, १८ तसेच उरले. रिव्हरला किती लावायचेत याचा विचार फ्लॉपलाच व्हायला हवा होता रे, शेवटच्या पत्त्यावर येऊन तो करून उपयोग नसतो.

आता बोर्ड. राजा-सत्ती-दुर्री, तिन्ही वेगळ्या रंगांची, असा फ्लॉप असेल तर बटणवाल्याकडे एक्के, राजे, एक्का-राजा हे सगळं असतं आणि बिग ब्लाइंडला बहुतेक वेळा काहीच लागलेलं नसतं. तिथे एक तृतीयांश पुरतो, काहीही हातात असलं तरी तोच लाव. एक तृतीयांश बेट चारातून एकदा फोल्ड मिळाला, म्हणजे समोरच्याने पत्ते टाकले, तरी सुटते, पॉटएवढी लावलीस तर निम्म्या वेळा फोल्ड मिळायला लागतो, आणि राणी-नव्वी टाकणारा माणूस २ ला पण टाकतो आणि ५ ला पण टाकतो, मग उगाच ५ कशाला?

पण तेच नव्वी-अठ्ठी-छक्की, त्यात दोन बदाम, असा बोर्ड आला की उलटं. हा बोर्ड बिग ब्लाइंडचा, त्याच्याकडे दोन पेअर आणि स्ट्रेट (सलग पाच पत्ते) तुझ्यापेक्षा जास्त असतात, म्हणून तिथे बरेच हात चेक कर (बेट न लावता पुढे जा), आणि लावशील तेव्हा दोन तृतीयांश लाव. एक तृतीयांशला कॉल करायला समोरच्याला जिंकण्याची फक्त २० टक्के शक्यता लागते आणि फ्लश ड्रॉ (एका रंगाचे चार पत्ते, पाचव्याची वाट) नुसता पुढच्याच पत्त्यावर १९ टक्के लागतो, म्हणजे तू त्याला जवळजवळ फुकट पुढे जाऊ देतोयस. दोन तृतीयांशला तोच आकडा २९ च्या आसपास जातो, मग त्याला विचार करावा लागतो.

स्टॅक १५ वर आला की तीन बेट विसर. पॉट साडेपाच, मागे १३, फ्लॉपला २ आणि टर्नला शॉव्ह, संपलं. १३ मधले ६ लावून मग रेजला फोल्ड करायचं, हे तू दोनदा केलंयस आणि मला ते वाचून खरंच वाईट वाटलं, कारण तिथे पॉट ऑड्स (पॉट किती आणि त्यासाठी अजून किती लावायचे) उरलेले ७ न लावण्याइतके सहसा वाईट नसतात.

बबलला (बक्षिसांत येण्याच्या अगदी आधी) आणि फायनल टेबलला सगळं अजून बारीक होतं. चिप्स दुप्पट झाल्या म्हणून बक्षिसाची किंमत दुप्पट होत नाही, पण गेल्या तर सगळंच जातं, आणि तुझ्या छोट्या बेटमागे तुझा अख्खा स्टॅक उभा आहे हे मधल्या स्टॅकवाल्याला दिसत असतं. तिथे पाव पॉटसुद्धा पुष्कळ काम करतो. मात्र ज्याचा स्टॅक तुझ्यापेक्षा मोठा आहे त्याच्यासमोर मोठा पॉट उगाच फुगवू नकोस.

एक अपवाद सांगून ठेवतो. टेबलावर एखादा काका असतो जो पेअर लागली की फोल्ड करतच नाही, साइजकडे बघतही नाही. त्याच्यासमोर चांगला हात असेल तर बिनधास्त पाऊण पॉट लाव, ब्लफ अजिबात नको. पण आधी खात्री कर की तो खरंच तसा आहे.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदीचा कायदा आल्यापासून तुला सराव कमी मिळतो हे मला कळतं, लाइव्हमध्ये तासाला २५-३० हातच होतात. म्हणून फोल्ड केल्यावर मोबाइल बघू नकोस, पॉट मोजत बस. नो लिमिटमध्ये (बेटला वरची मर्यादा नसलेला खेळ) डीलर पॉटचा आकडा सांगत नाही, तो तुझा तुलाच मोजायचा असतो. आणि बेट लावताना आकडा तोंडाने सांग, नुसती एक मोठी चिप पुढे टाकलीस तर ती पूर्ण किमतीची बेट धरतात, आणि समोर बेट असेल तर नुसता कॉल.

पुढच्या वेळी हात पाठवशील तेव्हा प्रत्येक स्ट्रीटला (फ्लॉप, टर्न, रिव्हर) पॉट आणि स्टॅक लिहून पाठव. तोवर हा एक सोडव: २२ बिग ब्लाइंड, तू बटणवर, २ चा रेज, बिग ब्लाइंडचा कॉल, फ्लॉप दश्शी-दश्शी-चव्वी, रंग वेगवेगळे. तिन्ही स्ट्रीटचे आकडे लिहून पाठव, तुझ्या हातात काय होतं ते मी नंतर सांगतो.