मागच्या चिमट्याचं ग्रीसिंग घरच्या घरी: वाचकांचे प्रश्न

पावसाळा सरला आणि दिवाळीच्या सुट्टीतल्या लांब राइडचे बेत सुरू झाले की मागच्या स्विंगआर्मबद्दल, म्हणजे मागचं चाक धरून फ्रेमच्या सांध्यावर वर-खाली हलणार्‍या चिमट्याबद्दल, विचारणा वाढते. या वेळी आलेल्या प्रश्नांतले सात निवडले आहेत.

प्रश्न : माझी रॉयल एन्फील्ड हिमालयन ४११ आता ३८ हजार किलोमीटर झाली. इतक्या सर्व्हिसिंगमध्ये चिमट्याला कुणी हात लावलेला नाही. चाक तर मोकळं फिरतं. मग उघडायची खरंच गरज आहे का? (सातारा)

चाकाच्या फिरण्यावरून चिमट्याचं काहीच कळत नाही. चाकाचं बेअरिंग पूर्ण गोल फिरतं, त्यामुळे बाजूला गेलेलं ग्रीस पुन्हा छर्‍यांखाली येत राहतं. चिमट्याचं तसं नाही. खड्डा आला की तो काही अंश वर जातो, तेवढाच खाली येतो. आत नीडल बेअरिंग, म्हणजे छर्‍यांऐवजी सुयांसारख्या बारीक दांड्यांचं बेअरिंग, असेल तर त्याच त्या सुया बोल्टभोवतीच्या आतल्या नळीच्या त्याच त्या जागी घासतात. तिथलं ग्रीस कडेला दाबलं जातं आणि परत येत नाही. मग तिथे कोरडं घासणं सुरू होतं, त्यात पाणी शिरलं की गंज धरतो, आणि आतल्या नळीवर सुयांच्या लांबट रेघा पडतात. रेघा पडल्यावर कितीही ग्रीस भरा, उपयोग नाही.

तुमच्या गाडीत मोनोशॉकखाली, म्हणजे मागच्या एकुलत्या शॉकखाली, त्याला चिमट्याशी जोडणारं सांध्यांचं लिंकेजही आहे. ते मागच्या चाकाच्या अगदी पुढे, खालच्या बाजूला असतं आणि चाकाने उडवलेला सगळा चिखल खातं. बहुधा चिमट्याआधी तेच कोरडं पडतं. कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसात गाडी चालत असेल तर वर्षातून एकदा, पाऊस संपल्यावर, दोन्ही उघडा. कोरड्या भागात १५ हजार किलोमीटरला एकदा पुरतं. लडाख-स्पितीत नाल्यांतून गाडी घातली असेल तर परतल्यावर लगेच, किलोमीटर न मोजता.

प्रश्न : मागचं चाक धरून हलवलं की ‘टक’ असा आवाज येतो. चाकाचं बेअरिंग गेलं की चिमट्याची बुश (सांध्यात बोल्टभोवती बसणारी नळी)? (कोल्हापूर)

गाडी मेन स्टँडवर घ्या. एका हाताने चाक वरून धरून आडवं हलवा आणि दुसर्‍या हाताची बोटं चिमटा आणि फ्रेमच्या सांध्यावर ठेवा. चिमटा स्थिर आणि चाकच हलतंय, तर चाकाचं बेअरिंग. चाकासोबत चिमटाही फ्रेमला सोडून हलतोय, तर सांधा. चाक सरळ वर उचललं, शॉक दबायला लागण्याआधीच थोडी पोकळ चाल जाणवली आणि तिथे ‘टक’ झालं, तर दोष लिंकेजमध्ये किंवा शॉकच्या खालच्या बुशमध्ये.

नक्की कळायचं असेल तर चाक आणि शॉकचा खालचा बोल्ट काढून मोकळा चिमटा टोकाला धरून आडवा हलवा. हाताला जाणवेल एवढी आडवी चाल असेल तर बेअरिंग किंवा बुश बदलायलाच झालेली आहे. स्पोकच्या चाकांत सैल स्पोकही असाच भास देतात. आधी ते टिचकी मारून तपासा, फुकटचं काम वाचेल.

प्रश्न : माझ्या जुन्या बुलेटला मागे दोन शॉक आहेत. चिमट्याला ग्रीस निपल (ग्रीस गन लावायचं तोंड) सापडत नाही. ग्रीस भरायचं कुठून? (अकोला)

आधी बुश कोणती आहे ते बघा. बोल्टभोवती लोखंडी नळी, तिच्याभोवती रबर आणि त्याबाहेर पुन्हा लोखंडी नळी दिसत असेल, तर ती सायलेंट ब्लॉक बुश. तिच्यात ग्रीस भरायचंच नसतं. रबर दोन्ही नळ्यांना चिकटवलेलं असतं आणि चिमटा हलतो तेव्हा ते पिळवटून परत सरळ होतं. आत काही घसरतच नाही. उलट साधं खनिज तेलाचं ग्रीस नैसर्गिक रबराला फुगवतं आणि मऊ करतं.

अशा गाडीत ग्रीस फक्त बोल्टच्या दांड्याला लावायचं, तेही पातळ थर, म्हणजे बोल्ट आतल्या नळीत गंजून धरत नाही. मोठी चूक होते ती कसताना. चिमटा खाली लोंबकळत असताना नट पूर्ण आवळला तर आतली नळी त्याच स्थितीत जखडली जाते. मग गाडी जमिनीवर उतरल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि नवी बुशही लवकर फाटते. नट हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, सीटवर कुणाला तरी बसवा आणि तेव्हाच शेवटचा टॉर्क द्या, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळा. गॅरेजमध्ये बुश टिकत नाही अशी तक्रार असते, तिथे पुष्कळदा हेच कारण निघतं.

प्रश्न : नीडल बेअरिंगचा चिमटा घरी काढायचा आहे. मेन स्टँड आहे, पॅडॉक स्टँडही आहे. क्रम सांगाल का? (ठाणे)

पॅडॉक स्टँड बाजूला ठेवा; तो चिमट्यालाच धरून गाडी उचलतो. मेन स्टँड फ्रेमला बसवलेला असतो, तो चालेल. पुढचा ब्रेक लिव्हर रबराने बांधून टाका, नाहीतर पाना ओढताना गाडी स्टँडवरून पुढे सरकते. चिमट्याच्या बोल्टचा आणि मागच्या एक्सेलचा नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. तो जोर स्टँडवर लावायचा नसतो.

मग चाक काढा. कॅलिपर (ब्रेक पॅड धरणारा भाग) तारेने फ्रेमला टांगा, ब्रेकच्या पाइपवर लोंबकळू देऊ नका, आणि दोन पॅडमध्ये लाकडाची पातळ चीप घाला. कुणाचा पाय चुकून पेडलवर पडला तर पिस्टन बाहेर येत नाही. ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर चिमट्यावरच्या क्लिपांतून सोडवा. हे विसरून चिमटा ओढला की सेन्सरची वायर तुटलीच. रिव्हेटची चेन कापायची गरज नाही: पुढच्या स्प्रॉकेटचं झाकण काढून चेन दात्यांवरून उतरवा, ती चिमट्यासोबत बाहेर येते.

शॉक आणि लिंकेजचे बोल्ट काढताना चिमट्याच्या टोकाखाली फळी किंवा छोटा जॅक लावून उंची कमी-जास्त करा. उंची बरोबर आली की बोल्ट बोटांनी निघतो. ठोकावा लागतोय याचा अर्थ वजन अजून त्यावर आहे. कुठला बोल्ट कुठल्या बाजूने आत होता याचे फोटो काढा.

शेवटी चिमट्याचा मुख्य बोल्ट. काही गाड्यांत तो इंजिनच्या केसिंगमधूनही जातो. तिथे बोल्ट ओढताना दुसर्‍या बाजूने त्याच जाडीची दांडी सरकवत न्या, म्हणजे इंजिन जागचं हलत नाही. चिमटा निघाला की खाली ट्रे धरूनच सील आणि आतली नळी काढा. काही बेअरिंगांत सुयांना पिंजरा नसतो. त्या सगळ्या घरंगळतात आणि एक जरी हरवली तरी बेअरिंग नवं घ्यावं लागतं.

जुन्या ग्रीसचा रंग नीट बघा. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, विटकरी असेल तर गंज, चमकदार करडं असेल तर धातू झिजतोय. डिझेल आणि ब्रशने सगळं धुवा, फडक्याने कोरडं करा. हवा मारायची तर सुया गरगर फिरवू नका. नळीवरून नख फिरवा. रेघ नखाला लागली तर नळी आणि बेअरिंग जोडीनेच बदला. नव्या सुया जुन्या खड्ड्यांत बसवून काही साधत नाही.

बेअरिंग बदलायचं झालं तर काढण्याआधी ते कडेपासून किती आत आहे हे व्हर्नियरने मोजून लिहून ठेवा. नवं बसवताना नंबर छापलेली बाजू बाहेर ठेवून त्याच बाजूवर दाब द्या. हातोडी नको, पातळ कवच चेपतं आणि सुया अडकतात. लांब थ्रेडेड रॉड, दोन जाड वॉशर, योग्य मापाची गोटी (सॉकेट) आणि दोन नट एवढ्यात प्रेस तयार होतो. बेअरिंग आदल्या रात्री फ्रीझरमध्ये ठेवलं तर आणखी सोपं जातं.

प्रश्न : ग्रीस कुठलं आणि किती? आम्ही समुद्राजवळ राहतो. (वेंगुर्ला)

एनएलजीआय २ ग्रेडचं (हा ग्रीसच्या घट्टपणाचा क्रमांक, डब्यावर असतो). समुद्राजवळ कॅल्शियम सल्फोनेट ग्रीस सर्वांत बरं. पाण्याने सहज धुऊन जात नाही आणि गंज रोखतं. मरीन ग्रीस म्हणून मिळणार्‍या डब्यांत पुष्कळदा हेच असतं, तरी डब्यावर वाचून घ्या. ते नाही मिळालं तर लिथियम कॉम्प्लेक्स चालेल. लिंकेजसाठी काही मॅन्युअलमध्ये मॉलिब्डेनमचं ग्रीस सांगितलेलं असतं, तिथे तेच वापरा. दोन जातींची ग्रीसं मिसळू नका, काही जोड्या एकत्र येऊन पातळ होतात. म्हणूनच जुनं संपूर्ण धुऊन काढायचं.

चिमट्याच्या प्रत्येक बाजूला साधारण चहाच्या चमच्याएवढं, लिंकेज धरून सगळं काम ५० ग्रॅमच्या आत होतं. ग्रीस बोटाने सुयांमधल्या फटींत दाबून भरा, नुसतं वरून चोपडून आत जात नाही. सीलच्या ओठाला आणि बोल्टच्या दांड्याला पातळ थर द्या. बोल्टचे आटे मात्र मॅन्युअल सांगत नसेल तर कोरडे ठेवा. तेलकट आट्यांवर तोच टॉर्क दिला तरी बोल्टवर ताण जास्त येतो.

प्रश्न : चिमट्याचा बोल्ट जागचा हलत नाही. ठोकून ठोकून टोक पसरलं. (मालवण)

ठोकणं थांबवा. पसरलेल्या टोकाला कानस मारून मूळ जाडीवर आणा, नाहीतर ते पुढे नळीतच अडकेल. दोन्ही बाजूंनी पेनिट्रेटिंग ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. दुसर्‍या दिवशी पुन्हा. मग बोल्ट बाहेर ढकलण्याऐवजी आधी डोक्याला पाना लावून मागेपुढे फिरवायचा प्रयत्न करा. तो एकदा फिरला की अर्धं काम झालं. नंतर ठोकायचं तर नट टोकाशी समपातळीत लावून आणि मध्ये पितळेचा तुकडा धरून.

सायलेंट ब्लॉक बुश असेल तर बोल्ट फिरतोय असं वाटतं, पण प्रत्यक्षात आतली नळीच सोबत फिरत असते आणि रबर फाटत असतं. तशी वेळ आली तर फ्रेम आणि चिमट्यामधल्या फटीत हॅकसॉचं पातं घालून बोल्ट दोन्हीकडे कापणं हाच सरळ मार्ग. बोल्ट आणि बुश नव्याने येतात, फ्रेमचा कान वाकला तर फार महागात पडतं. हीट गन वापरायची असेल तर टाकी आणि पेट्रोलची नळी काढल्याशिवाय नको.

प्रश्न : सगळं बसवलं, टॉर्क दिला, आणि आता चिमटा वर उचलला की तिथेच थांबतो, खाली येत नाही. शिवाय, पुढच्या वेळेसाठी भोक पाडून ग्रीस निपल बसवू का? (बडोदा)

शॉक आणि चेन न जोडता नीडल बेअरिंगचा चिमटा हातातून सोडला तर तो स्वतःच्या वजनाने संथपणे, न अडखळता खाली आला पाहिजे. तुमचा थांबतोय याचं कारण बहुधा बाजूची चकती राहिली किंवा उलटसुलट बसली, किंवा बेअरिंग कमी आत गेल्यामुळे फ्रेम नळीऐवजी चिमट्यालाच दाबते आहे. नट सैल ठेवून चालवू नका. पुन्हा उघडा आणि आधी लिहिलेल्या मापांशी ताडून बघा. नायलॉनचा सेल्फ-लॉक नट असेल तर प्रत्येक वेळी नवा घ्या.

निपल नको. कारखान्यातून आलेला असेल तर उत्तम; ग्रीस गन सावकाश दाबा आणि सीलच्या कडेला स्वच्छ ग्रीस दिसलं की थांबा, जास्त दाबाने सील बाहेर पडतं. पण चिमट्याच्या सांध्याजवळ बराच ताण असतो, तिथे आपण पाडलेलं भोक म्हणजे तड्याला दिलेली सुरुवात. आणि खंडेनवमीला गाडी धुताना प्रेशरचा फवारा या सांध्यांवर थेट धरू नका, आत गेलेलं पाणी सील बाहेर पडू देत नाही.