दक्षिण सुदानमधल्या भाच्याला नागपूरहून दिवाळीचा फराळ कसा पाठवावा?

तुमचा भाचा संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतल्या आपल्या बटालियनबरोबर दक्षिण सुदानला गेला आहे आणि त्याला फराळ आणि चार वस्तू पाठवायच्या आहेत, तर कशा आणि काय पाठवाव्यात, असं तुम्ही विचारलंय. माझे मिस्टर असेच लेबनॉनच्या मिशनवर होते, तेव्हा इथून मानकापूरहून मी त्यांना डबे पाठवायची. त्यावरून सांगते.

आधी त्याच्याकडून पत्ता मागवा आणि एक अक्षरही न बदलता उतरवा. नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि शेवटी ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस), अशी आपल्या लष्करी पत्त्याची पद्धत आहे. पिनकोड ९ ने सुरू होतो. या पत्त्यात देशाचं किंवा गावाचं नाव नसतं, आपणही ते घालायचं नाही. जुबा, मलाकाल, बोर, काहीही नाही. जवान नेमका कुठे आहे हे पाकिटावरून कुणाला कळू नये म्हणूनच ही सोय आहे. ५६ ची डाक दिल्लीच्या आणि ९९ ची कोलकात्याच्या लष्करी टपाल केंद्रात जाते आणि तिथे युनिटप्रमाणे वेगळी होते. खासगी कुरिअरवाले हा पत्ता घेत नाहीत, पोस्टातच जावं लागेल. मिशनसाठी किती वजनाचं पार्सल चालतं, हे युनिटकडूनच विचारून घ्या आणि मगच डबा भरा.

हा ९ कुठून आला, तेही सांगते, कारण मला त्याचं फार अप्रूप आहे. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले मराठी अधिकारी आणि संस्कृतचे कवी. देशाचे आठ विभाग केले आणि नववा लष्करी टपालासाठी ठेवला. त्याच वर्षी मार्चमध्ये लष्करी टपालाची स्वतंत्र कोअर, म्हणजे सैन्यातलं वेगळं दल, झाली. तिचं प्रशिक्षण केंद्र आपल्या कामठीत आहे, म्हणजे तुमचं पार्सल पुढे ज्या हातांतून जाईल, त्यांतले कितीतरी हात कामठीतच तयार झालेले असतात. आणि बाहेरदेशी गेलेल्या फौजेमागे घरची डाक जाणं ही आपल्याकडची जुनी गोष्ट आहे. १९५३ मध्ये कोरियाला गेलेल्या आपल्या तुकड्यांसाठी भारतीय तिकिटांवर ‘भारतीय संरक्षा कटक कोरिया’ असं छापून दिलं होतं. १९६५ मध्ये गाझातल्या तुकडीसाठी नेहरूंच्या तिकिटावर असाच छाप मारला होता.

तरी माझा जास्त भरवसा माणसावर आहे. बटालियन बाहेर गेली की मागे तिची रिअर पार्टी, म्हणजे इथेच थांबलेली छोटी तुकडी, राहते. घरच्यांचं काही असलं की तिथे विचारता येतं. त्याच्याच कंपनीतला कुणी सुट्टीवर आला असेल आणि परत जाणार असेल, तर त्याच्याकडे देणं सगळ्यात चांगलं. पण त्या जवानाच्या बॅगेत त्याच्या आईनं आणि बायकोनं दिलेलंही असतं, विमानाला वजनाची मर्यादा असते. अर्ध्या किलोच्या वर देऊ नका, आणि देताना एक पुडा त्याच्यासाठीही ठेवा. डबा उघडून दाखवून द्या. बंद डबा दुसऱ्याच्या बॅगेत घालायला सांगणं बरोबर नाही.

आता फराळ. नागपूरकरांचा हात पहिल्यांदा संत्रा बर्फीकडे जातो. ती पाठवू नका. दिवस किती लागतील सांगता येत नाही. दक्षिण सुदानात पक्के रस्ते थोडे, आणि पावसाळा साधारण मे ते ऑक्टोबर असतो. त्या दिवसांत रस्ते चिखलात जातात आणि कित्येक ठिकाणी विमान नाही तर नाईलवरची बोट एवढीच वाट उरते. दिवाळी नेमकी त्या पावसाच्या शेपटाला येते. म्हणून खवा, ओला नारळ, दूध घातलेलं काहीही नको. करंजीतलं सुकं खोबरंही उन्हात खवट होतं, आणि पारी फुटते ती वेगळीच. चकलीचा तर चुरा होतो. मुरमुऱ्याचा चिवडा सादळतो. टिकतात ते अनारसे, शंकरपाळे, गूळपापडी, तिळाचे लाडू. बेसनाचे लाडू करायचे तर बेसन खमंग भाजा, पाण्याचा हबका मारू नका, आणि ते पूर्ण गार झाल्यावरच भरा. कोमट लाडू डब्यात घातला की आत वाफ धरते आणि बुरशी येते. लोणच्याला माझा साफ नकार आहे. तेल गळलं की शेजारच्या दहा जणांची पत्रं खराब होतात.

पण खरं सांगू? वरणभात, पोळी तिथे मिळते. रसद संयुक्त राष्ट्रांकडून येते, आणि बटालियनबरोबर आपलेच कुक असतात. नसते ती आपल्याकडची चव. भिवापुरी मिरचीचं तिखट, इतवारीतला सावजी मसाला, कऱ्हाळ्याची कोरडी चटणी, मेतकूट. पाव किलो तिखट लंगरच्या, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघरातल्या, डाळीत महिनोन्महिने पुरतं. माझ्या मिस्टरांनी परत आल्यावर कौतुक केलं ते लाडवांचं नव्हे, चटणीचं. लेबनॉनच्या थंडीत ते ती भातावर घ्यायचे.

आणि दहा प्रकार थोडे थोडे पाठवू नका. डबा कुणी एकटा उघडत नाही, उघडला की आख्खी बराक भोवती जमते. एकच पदार्थ, पण सगळ्यांच्या हातावर येईल एवढा पाठवा. ज्याच्या घरून काहीच आलेलं नसतं असा एखादा पोरगा तिथे असतोच.

काय पाठवायचं नाही तेही सांगते. कापूर, काडेपेटी, फुलबाज्या, अत्तर, डिओचा स्प्रे, लायटर, पॉवर बँक यातलं काहीही नको. हे विमानाच्या डाकेत चालत नाही, आणि एका कापराच्या वडीपायी सगळं पार्सल अडकतं. पूजेची काळजी करू नका. युनिटचं मंदिर असतं, दिवाळीला पूजा होते, बडाखाना म्हणजे सगळ्यांचं एकत्र जेवण होतं. वाती आणि घरच्या देवाचा छोटा फोटो मात्र घाला.

डबा प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत, मग खोक्यात, आणि वरून मांजरपाट शिवून घ्या. मोकळ्या जागेत मराठी पेपर कोंबा, आणि तो ताजा घ्या, कारण तो सरळ करून वाचला जातो. जागा उरली तर एखादा दिवाळी अंक, तोवर निघाला असेल तर. पत्त्याची एक चिठ्ठी आतही ठेवा, वरची शाई पुसली तरी पार्सल हरवणार नाही.

आणि हातानं लिहिलेलं पत्र. व्हिडिओ कॉल होत असतील, तरीही लिहा. घरात काय रंगवलं, कोण आजारी होतं आणि बरं झालं, गल्लीत कुणाचं लग्न ठरलं, असं सगळं. लहान मुलं असतील तर त्यांना चित्र काढू द्या. हा कागद खिशात राहतो आणि रात्रीच्या ड्यूटीनंतर पुन्हा वाचता येतो.

दसऱ्याची वाट पाहू नका, गणपती उठले की भरायला घ्या. पावतीचा आणि पत्त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकू नका. पहिला डबा पोचला की त्याला स्पष्ट विचारा, काय फुटलं, काय खवट झालं आणि काय पहिल्याच दिवशी संपलं. दुसरा डबा त्याप्रमाणे भरा.