कॅम्पसवर सिगरेट बंद झाली, आता ताण आला की करू काय?

कॅम्पस धूम्रपानमुक्त झाल्याची पाटी लागते तेव्हा कुणी फारसं मनावर घेत नाही. कुणावर तरी पहिली कारवाई झाली की मग विद्यार्थी माझ्याकडे, म्हणजे कॅम्पसच्या समुपदेशकाकडे येऊ लागतात. हा त्यातलाच एक. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) पीएचडीचं शेवटचं वर्ष, प्रबंध अर्धवट, आणि होस्टेलमागे सिगरेट ओढताना सुरक्षारक्षकाने पकडल्यामुळे हातात लेखी समज.

"मॅडम, सिगरेट सोडवणार असाल तर मी जातो," त्याने आधीच सांगून टाकलं. "सिगरेट मिळाली नाही की मला काही सुचत नाही. गाइड काय बोलतात ते डोक्यात शिरत नाही. या नियमाने माझा ताण दुप्पट केलाय. आणि मी इथे आलो हे विभागात कळणार का?"

शेवटचा प्रश्न आधी घेतला. जिवाला धोका असेल असं काही सोडलं, तर माझ्याकडचं बोलणं बाहेर जात नाही. शिस्तपालन समिती वेगळी, मी वेगळी. सोडायची की नाही हेही तुझं तू ठरव, म्हटलं. नियम फक्त या आवारात ओढू नको एवढंच सांगतो.

मग त्याच्याकडून फागरस्ट्रॉम चाचणी भरून घेतली. निकोटिनवर शरीर किती अवलंबून आहे हे पाहायची ही सहा प्रश्नांची चाचणी, १९९१ पासून वापरात असलेली. मनाई असलेल्या ठिकाणी न ओढता राहणं अवघड जातं का, हा त्यातला एक प्रश्नच आहे. तो वाचून त्याला हसू आलं. उठल्यावर पहिली सिगरेट किती वेळात, याचं त्याचं उत्तर होतं अर्ध्या तासाच्या आत.

पण त्याला पटलं ते स्वतःच्याच नोंदींमुळे. प्रत्येक सिगरेटची वेळ आणि त्याआधी मनात काय चाललं होतं, एवढंच मोबाइलवर टिपायला सांगितलं होतं. पुढच्या भेटीत आम्ही ते शेजारी बसून वाचलं. गाइडसोबत मीटिंगचा दिवस : दर दीड-दोन तासांनी सिगरेट, शेरा 'टेन्शन'. रविवार, खोलीत लोळत पडलेला, कुणाचा फोन नाही : अंतर तेवढंच, आणि शेरा पुन्हा 'टेन्शन'. "रविवारी कसलं टेन्शन होतं रे?" विचारलं, तर तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला.

निकोटिनचं रक्तातलं प्रमाण साधारण २ तासांत निम्म्यावर येतं. ते उतरलं की चिडचिड, अस्वस्थता, लक्ष न लागणं सुरू होतं. पुढची सिगरेट तेवढं शमवते आणि आपल्याला वाटतं, ताण गेला. प्रबंधाचा ताण खोटा होता असं मुळीच नाही. त्यावर आम्ही वेगळं काम केलं. पण त्यात तलफेची भर पडत होती, आणि दोन्हींचा हिशेब एकाच खात्यात लिहिला जात होता.

डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याने निकोटिन गम, म्हणजे तलफ शमवण्यापुरतं निकोटिन देणारा चघळायचा गम, सुरू केला. उठल्यावर लगेच ओढणारा म्हणून जास्त ताकदीचा, ४ मिलिग्रॅमचा. आठवड्यात तक्रार : काही उपयोग नाही. विचारलं तर हा गडी तो साध्या च्युइंगमसारखा भराभर चघळत होता, वर कॉफीचे घोट. हा गम हळू चावायचा, तोंडात झणझण जाणवली की गालात धरून ठेवायचा, झणझण गेली की पुन्हा चावायचा. कॉफीने तोंडात आम्लता वाढते आणि निकोटिन नीट शोषलं जात नाही, म्हणून गमच्या आधी १५ मिनिटं आणि गम तोंडात असताना काही प्यायचं नाही. कॉफी तशीही कमी करायला लावली. सिगरेटच्या धुरामुळे शरीर कॅफिन लवकर निकामी करतं. ओढणं कमी झालं की तेवढ्याच कॉफीने धडधड वाढू शकते, आणि माणूस दोष देतो सिगरेट सोडण्याला.

पाट्या लावणाऱ्या प्रशासनाने आरोग्य केंद्रात हा गम ठेवायला काय हरकत आहे, हे मला अजून समजलेलं नाही.

अवघड गेलं ते मित्रांचं. सिगरेटच्या निमित्ताने जमणारा घोळका हाच त्याचा दिवसातला गप्पांचा वेळ होता. तो तोडू नको म्हटलं. त्यांनाच जेवणानंतर फेरफटक्याला बोलाव. दोघं येऊ लागले, बाकीच्यांनी चिडवलं.

आता कॅम्पसवर तो ओढत नाही. संध्याकाळी बाहेर जाऊन दोन ओढतो, ते मला लपवत नाही. पूर्ण सोडायची तारीख त्याने प्रबंध सादर केल्यानंतरची धरली आहे. मी आधीची सुचवली होती, त्याने ऐकलं नाही.