पत्र्याच्या खोलीत हळू आवाजाची गाणी

प्रश्न : स्वतः लिहून चाल लावलेली आठ गाणी आहेत. गिटार, थोडी खंजिरी आणि स्वतःशीच बोलल्यासारखा हळू आवाज. पहिला अल्बम घरीच रेकॉर्ड करतो आहे. खोली १० बाय १२, वर टिनाचे पत्रे. कंडेन्सर माइक आहे, तरी आवाज डब्यातून आल्यासारखा येतो, मागे घूंऽऽ राहतं. महाग माइक घ्यावा का? शेवटी तुकडोजी महाराजांचं एक भजनही घ्यायचं आहे. चालेल का?
— एक वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : माइकवर आणखी पैसे घालू नका. हळू गाणाऱ्याला गेन (माइकचा आवाज वाढवणारं बटण) चढवावा लागतो. गेन चढला की गळ्यासोबत पत्रा, पंखा, रातकिडे सगळेच चढतात. म्हणून आधी खोली बघा.

लोक फोम (आवाज शोषणारा स्पंज) माइकच्या मागे लावतात, तिथेच चुकतं. कार्डिऑइड, म्हणजे एकाच बाजूचा माइक मुख्यतः समोरचं ऐकतो, म्हणजे तुमच्या पाठीमागची भिंत त्याच्या थेट समोर येते. जाड गोधड्या पाठीमागे आणि डोक्यावर टांगा. भिंतीला चिकटवू नका, चार-सहा बोटं जागा सोडा. तेवढ्यानं खालचे स्वरही जास्त शोषले जातात. घरात कापूस भरलेला असेल तर त्याच खोलीत गा. त्या गंजीइतकं चांगलं काम दुकानातला पातळ फोम करणार नाही. (अंगाला खाज सुटेल, तो भाग वेगळा.)

घूंऽऽ बहुधा विजेचं आहे. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहा. आवाज गेला तर दोष अर्थिंगचा; मग रेकॉर्डिंग बॅटरीवरच करा.

माइक तोंडापासून एक वीत, जरासा तिरपा. त्याहून जवळ गेलात तर खर्ज फुगतो आणि शब्द गढूळ होतात. अशा गाण्यांत शब्दच गेले तर उरतं काय? गिटारला माइक बाराव्या फ्रेटसमोर (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपैकी बाराव्या पट्टीसमोर) वीतभर अंतरावर लावा, भोकासमोर नको, तिथे नुसतं घुमतं. खंजिरी वेगळी, तीन फुटांवरून घ्या. झांजांचा ठोका एकदम उसळतो आणि फाटतो. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये २४ बिट निवडा; त्याच्या मीटरवर (जिथे शून्याच्या वर आवाज फाटतो) सर्वांत मोठी ओळ उणे १० डेसिबलच्या आसपास राहिली की पुरे.

भजनाचं मात्र जपून. महाराजांचं निधन १९६८ चं. आपल्याकडे कवीच्या निधनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट चालतो, म्हणजे २०२८ अखेरपर्यंत. तोवर हक्कदारांची लेखी परवानगी लागेल; चौकशी महाराजांच्या गुरुकुंज मोझरी इथल्या आश्रमापासून सुरू करा. जात्यावरच्या पारंपरिक ओव्या मोकळ्या आहेत, पण दुसऱ्यानं रेकॉर्ड केलेला तुकडा उचलू नका.

गाणी डिस्ट्रिब्यूटरकडे (ती ऑनलाइन अ‍ॅपवर पोहोचवणाऱ्या कंपनीकडे) प्रकाशनाच्या तीन-चार आठवडे आधी द्या. स्पॉटिफायच्या संपादकांकडे प्लेलिस्टसाठी गाणं सुचवायचं तर ते किमान ७ दिवस आधी करावं, आणि प्रकाशित झालेलं गाणं तिथे सुचवता येत नाही.